फुटक्याचं घर

आमच्या गावात आमच्या घराला आडनावानं कोणी ओळखत नसे. इस्लामपुराहून नवा पोस्टमन आला की तो पारावर पत्ता विचारायचा आणि पारावरचं कोणीतरी बसल्या जागेवरून हात लांब करायचं, "त्ये काय, चिंचंच्या म्होरं. फुटक्याचं घर." मी लहान असताना मला वाटे, आपली कौलं फुटकी आहेत म्हणून हे नाव. दादा, म्हणजे माझे वडील, लष्करातून सुट्टीवर आले आणि सगळं छप्पर उतरवून त्यांनी नवी कौलं घातली, तेव्हा आता नाव बदलणार म्हणून मी खूश होते. दुसऱ्याच दिवशी शाळेत एका पोरीनं 'फुटक्याची वैजी' म्हणून हाक मारली. घरी येऊन आईला विचारलं, तर ती चुलीवरचं कालवण ढवळत म्हणाली, "कौलाचं न्हवं गं त्ये. तुज्या आप्पांचं हाय." आणि मी पुढं काही विचारायच्या आत तिनं मला जळणाच्या शेण्या आणायला पिटाळलं.

आप्पा माझे आजोबा. त्यांची गोष्ट मला कोणी एका बैठकीत सांगितली नाही, ती कुठं आत्याकडून, कुठं भांडणातल्या टोमण्यातून जमा होत गेली. आमच्याकडे तेव्हा पंचायतीचे मेंबर निवडून आले की सरपंच कोण व्हायचं ते मेंबरच ठरवायचे, आणि त्या सभेच्या आधी पुढारी आपल्या बाजूच्या मेंबरांना बिरोबाच्या देवळात न्यायचा. देवापुढच्या परातीतली हळद, म्हणजे भंडारा, आणि बेलाचं पान मुठीत उचलून प्रत्येकानं शपथ घ्यायची की माझा हात अमक्याच्याच नावाला वर जाईल. सही करून फिरणारी माणसं गावानं पुष्कळ पाहिली होती, पण भंडारा उचललेला माणूस फिरत नाही अशी सगळ्यांची खात्री. आप्पा फिरले, फुटले. थोरले भाऊसाहेब सरपंच झाले की शाळेची जागा स्वतःच्या गोठ्याला घेणार, हे त्यांना शपथ घेतल्यावर कळलं, आणि सभेत त्यांनी सगळ्यांच्या देखत दुसऱ्या बाजूला हात वर केला. शाळा राहिली. मी तिथंच शिकले. पण आत्याच्या लग्नाला गावातून कोणी जेवायला आलं नाही, केलेली बुंदी गुरांना घालावी लागली, आणि त्याच साली बैल दगावला तेव्हा देवानं दाखवलं असं लोक मोठ्यानं बोलले. आप्पा त्यानंतर बिरोबाची पायरी चढले नाहीत. दादा मिसरूड फुटताच भरतीला गेले, ते निम्मे त्या नावापासून लांब जायला गेले असं मला आता वाटतं.

मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेत आत्याकडे राहून बारावी सायन्स करत होते. दादा हवालदार होऊन पेन्शनीत आले होते आणि मी मिलिटरीत नर्स व्हायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. "युनिफॉर्मला कुणी नाव ठेवत न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. मला बेडूक फाडायचा कंटाळा होता, पण दुसरं काय हवं तेही ठाऊक नव्हतं, म्हणून मी गप्प होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर सोप्यात भाऊसाहेब बसलेले. थोरल्यांचा हा मुलगा. त्यांचं पाऊल आमच्या उंबऱ्याच्या आत पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमचा वॉर्ड बायकांना राखीव झाला होता आणि त्यांना तिथं कमी बोलणारी बाई हवी होती. ते दादांना म्हणाले, "हवालदार, झालं गेलं गंगंला मिळालं. वैनींना हुबं करा. त्यो डाग बी निघंल घराचा." आईला कोणी विचारलं नाही. ती आत जात्यापाशी बसून सगळं ऐकत होती आणि भाऊसाहेब गेल्यावर तिनं त्यांचा कप दोनदा धुतला.

आई निवडून आली. सात मेंबरांत चार भाऊसाहेबांचे आणि तीन खालच्या आळीचे. सरपंचपदही बाईलाच होतं. भाऊसाहेबांना त्यांच्या सूनबाईंना बसवायचं होतं. सूनबाई गरीब स्वभावाच्या, सासऱ्यापुढं मान वर न करणाऱ्या. समोरून उभी होती खालच्या आळीची शमीमभाभी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा, आणि ती स्वतः शिलाई मशीनवर अख्ख्या गावाच्या चोळ्या शिवायची. बायकांची मापं घेता घेता तिला कोणत्या घरात काय चाललंय ते सगळं कळायचं आणि ते ती कुठं बोलायची नाही. तिची मागणी एकच होती. गावच्या बायका दिवस मावळला की रस्त्याकडेच्या गायरानात जायच्या. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरचा उजेड अंगावर आला की सगळ्या एकदम उठून उभ्या राहायच्या, तो गेला की बसायच्या, पुन्हा दुसरा आला की पुन्हा उठायच्या. मीही उठले आहे. आता मी ज्यांना शिकवते त्या शहरी मुली ही गोष्ट ऐकून हसतात, आणि मला त्यांचा राग येतो, कारण आम्ही त्या वेळी कोणी हसत नव्हतो. शमीमभाभीला तिथं आडोशाची पक्की खोली हवी होती. भाऊसाहेबांना तिथं ट्रॅक्टरची शेड हवी होती.

ज्या दिवशी भंडारा उचलायचा होता त्या दिवशी दादांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि मेडलंही लावली. आप्पांनंतर आमच्या घरातलं कोणी त्या देवळात गेलं नव्हतं. गुरवानं परात पुढं केली. सूनबाई, कमळाकाकू, संपतराव या तिघांनी चटचट मुठी भरल्या आणि वाक्य म्हणून टाकलं. आईची पाळी आली तेव्हा ती इतका वेळ देवाकडे बघत उभी राहिली की भाऊसाहेब खाकरले. दादा हळूच म्हणाले, "आगं, उचल की." तिनं उचलला. वाक्य म्हटलं. आवाज नेहमीचाच होता. बाहेर आल्यावर दादांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आईची मूठ अजून मिटलेली होती. घरी येऊन तिनं ती हळद आप्पांच्या फोटोपुढं सोडली.

लगेच दुसऱ्या दिवशी चारही मेंबरांना सहलीला नेलं. सभेपर्यंत कोणी कोणाला गाठू नये म्हणून मेंबरांना असं लांब नेऊन ठेवतात, आणि त्याला सहल म्हणतात. आमच्या शेतात ऊसतोडीची टोळी आलेली, दादांना हलता येईना, म्हणून आईच्या सोबतीला मी गेले. घाट उतरून कोकणात एका लॉजवर आम्हाला ठेवलं. खायला मटण, मासे, वर आइसक्रीम, काही कमी नव्हतं. मात्र संपतराव जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि लॉजच्या फोनला त्यांनी कुलूप लावून घेतलं होतं. आईनं माशाला हात लावला नाही. घरून बांधून आणलेल्या शिळ्या भाकरीवर चटणी घेऊन ती जेवायची. कमळाकाकू म्हणायच्या, "खा की गं, फुकाटचं हाय," आणि आई म्हणायची, "म्हणूनच जात न्हाई."

संध्याकाळी आम्हाला समुद्र दाखवायला नेलं. आईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. सूनबाई आणि काकू पाण्यात पाय बुडवायला गेल्या, संपतराव त्यांच्यामागे गेले, तेव्हा ती माझ्या जवळ सरकली. "वैजू, मामंजी एक बोलायचे जेवताना. मी भाकरी वाढत आसायची. म्हणायचे, शेवंते, तालुक्याचा सायेब सभंच्या आधी एक कागद वाचतो. कुणी ऐकत न्हाई. त्यात लिवल्यालं आसतंय, एकानं जरी मागितलं तरी मत चिठ्ठीनं घ्यावं लागतंय. मला ठावंच न्हवतं, म्हणायचे. म्या आपला समद्यांम्होरं हात वर केला. भाकरी तशीच ऱ्हायची ताटात."

मी म्हटलं, "आई, तू मागणार?"

"आदी सांग, खरं आसंल का त्ये? तुमच्या कालेजात शिकवत न्हाईत का ह्ये?"

"आमच्यात बेडूक फाडायला शिकवतात."

"मग ह्ये कुनाला शिकवत्यात?"

विश्रामबागेत माझ्याच कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आर्ट्सचे वर्ग भरायचे, आणि आम्ही सायन्सवाले त्यांना रिकामटेकडे समजायचो. मी विचारलं, "आणि भंडारा? तो तर तू उचललायस."

"त्ये मी आन बिरोबा बघू," आई म्हणाली. संपतराव वळून आमच्याकडे यायला लागले तशी ती मोठ्यानं म्हणाली, "लय पानी हाय गं, न्हाई?"

सभेच्या दिवशी जीप थेट पंचायतीच्या दारात आणून लावली. ऑफिस म्हणजे एकच खोली, एक टेबल, दोन बाकं आणि एक लोखंडी कपाट. बाहेर सगळं गाव जमलेलं. भाऊसाहेबांच्या माणसांनी गुलाल आणि हलगीवाले आधीच आणून ठेवले होते. दादा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, मी त्यांच्या मागे. आई बाकाच्या कडेला बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी अर्ज तपासले, दोन नावं वाचली, आणि मग एका दमात, मान वर न करता, तो कागद म्हटला, "मतदान हात वर करून होईल, कोणा सदस्याची मागणी असल्यास गुप्त पद्धतीनं घेण्यात येईल, तर पहिल्या उमेदवाराच्या बाजूनं असतील त्यांनी..." भाऊसाहेबांच्या सूनबाईंचा स्वतःचा हात अर्धा वर गेलासुद्धा. मला वाटलं, संपलं. आई बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

"सायेब," आई म्हणाली, "मला चिठ्ठी पायजे."

हलगीवाल्यानं सहज हलगीवर बोट वाजवलं, तेवढाच आवाज झाला. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. भाऊसाहेब दारातूनच हसत म्हणाले, "वैनी, घरचाच मामला हाय. चिठ्ठ्या कशाला? सायबांना फुडं जायाचंय." आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती साहेबांकडे बघत होती. संपतराव म्हणाले, "आवं, भंडारा उचललाय न्हवं तुमी?" तेव्हा ती म्हणाली, "उचललाय की. भंडारा देवाचा हाय. चिठ्ठी सरकारची हाय. सायेब, तुमी आत्ता वाचलं त्ये खरं हाय का न्हाई?"

साहेबांनी घाम पुसला. "मागणी एकानं केली तरी घ्यावी लागते," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून वाटलं की आजवर ती कोणी केलीच नसावी. चिठ्ठ्या नव्हत्या. त्यांनी कोरा कागद फाडून सात तुकडे केले, सगळ्यांवर दोन्ही नावं लिहून मागं सही केली, आणि काड्यापेट्यांच्या पुड्याचा रिकामा खोका टेबलावर ठेवला. लोखंडी कपाटाचं दार उघडं धरून त्याचा आडोसा केला. एकेकानं त्याच्या मागं जायचं, फुली मारायची, खोक्यात टाकायची. आई आत गेली तेव्हा दाराखालून तिचे पाय तेवढे दिसत होते. दादा त्या पायांकडे एकटक बघत होते. मला कळत होतं की या माणसानं देवळात मेडलं लावली होती ती काही गमतीनं नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्या कपाटामागं उभं होतं.

चिठ्ठ्या मोजल्या. तीन सूनबाईंना, चार शमीमभाभीला. साहेबांनी पुन्हा मोजल्या. खालच्या आळीच्या पोरांनी भाऊसाहेबांच्याच गुलालाचं पोतं उचललं तेव्हा पाचावर धारण बसून मी दादांचा सदरा धरला. मात्र कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. भाऊसाहेब आमच्यासमोर थांबले आणि दादांना एवढंच म्हणाले, "शेवटी घराण्याचं रक्त, हवालदार." घरापर्यंत आम्ही तिघं एकामागं एक चालत आलो. दारं पटापट लागत होती.

घरी आल्यावर आईनं हातपाय धुतले आणि पीठ काढलं. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला तसे दादा तिच्यासमोर पाटावर बसले. "सांग."

"काय?"

"कुनाला दिलंस?"

"आवं, सांगायचंच आसतं तर चिठ्ठी कशाला मागितली आसती? हातच न्हाई का वर केला?"

"मी तुझा नवरा हाय."

"व्हय की. जेवा आता."

दादा जेवले नाहीत. पण तिचं उत्तर बरोबर होतं. गावानं ठरवून टाकलं होतं की फुटली ती आईच. पण सूनबाई त्या आडोशामागं बराच वेळ होत्या हे मी पाहिलं होतं, आणि कमळाकाकूही त्याच गायरानात जायच्या. चारातली कोणीही असू शकत होती. आई नुसतं "न्हाई, मी न्हवं" म्हणाली असती तरी निम्मं गाव शांत झालं असतं. ती ते म्हणाली नाही. मी तिला चिडून विचारलं, "निदान नाही तरी म्हण ना!" ती म्हणाली, "मी न्हाई म्हटलं की बाकीच्या तिघांना इचारतील. मग चिठ्ठी कसली?"

तो हिवाळा वाईट गेला. तोडीची टोळी आमचा फड अर्धा टाकून गेली, उभ्या उसाला तुरे आले. किराणावाला आम्हाला बघून आत जायचा. एका सकाळी उंबऱ्यावर कोणीतरी भंडारा उधळून त्यावर फाडलेलं बेलाचं पान टाकून गेलं होतं. आईनं चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावली, थोडी माझ्या लावली, आणि उरलेली गोळा करून तुळशीत टाकली. शमीमभाभी मात्र दिवसाढवळ्या आमच्या घरी यायची. तिनंही आईला कधी विचारलं नाही. गायरानात आडोशाच्या भिंती उभ्या राहिल्या, छपराला पुढं बरेच दिवस लागले, तरी उजेड अंगावर यायचा थांबला.

बारावीचा निकाल लागला आणि दादांनी नर्सिंगचा अर्ज पुढं ठेवला. मी म्हटलं, मला बीए करायचंय, राज्यशास्त्र घेऊन. घरात जे झालं ते होणारच होतं. "राजकारणानं दोनदा घर खाल्लं आमचं," दादा ओरडले, "आन तू त्येच शिकणार?" मी रडत होते आणि रडताना बोलत होते, त्यामुळं माझं अर्धं त्यांना कळलंही नसेल. मला एवढंच सांगायचं होतं की साहेबांच्या त्या कागदात आणखी काय काय लिहिलंय, ते सगळं मला वाचायचंय. आप्पांना ते आधी माहीत असतं तर आत्याच्या लग्नात बुंदी गुरांना घालावी लागली नसती. हे ऐकून दादा थांबले. ते आप्पांच्या फोटोकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "त्या पुस्तकांत आसतंय का, माझ्या बापानं क्येलं त्ये बराबर का चूक?"

"माहीत नाही दादा. शोधावं लागेल."

"मग जा," ते म्हणाले. "घावलं तर मला येऊन सांग." आणि विश्रामबागेत ऍडमिशनला ते स्वतः माझ्याबरोबर आले, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात.

सांगायला मी अनेकदा गेले. मतदाराचा हक्क, प्रतिनिधीचं स्वातंत्र्य, सगळं समजावून सांगितलं, दादा मान हलवायचे. पण भंडारा उचललेल्या माणसाचं काय, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, आणि ते मिळालं असं मी त्यांना कधी सांगितलंही नाही. आईनं कोणाला मत दिलं हे न कळताच ते गेले. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी विचारणंही सोडलं होतं. एकदा मात्र पारावर कोणी आईचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले होते, "तिनं चिठ्ठी मागितली. तेवढंच मला म्हाईत हाय," आणि ते त्यांनी छाती पुढं काढून म्हटलं होतं असं मला ऐकणाऱ्यानं सांगितलं.

आता मी पन्नाशीला आले, साताऱ्यात शिकवते. आई गावीच असते. काचबिंदूनं तिची दृष्टी गेली आहे. परवाच्या मतदानाला मी तिच्यासोबत गेले. डोळ्यांनी अधू माणसाला सोबती नेता येतो, त्यानं मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं असतं. मी ते लिहून दिलं. इतक्या वर्षांनी मला आईचं एक तरी मत दिसणार होतं. केंद्र होतं आमच्या जुन्या शाळेत, आप्पांनी राखली त्या जागेवर. पुठ्ठ्याच्या आडोशामागं आम्ही दोघी उभ्या राहिलो. आई म्हणाली, "वाच नावं, वरनं खाली." मी हलक्या आवाजात वाचली. "आता माझं बोट पयल्या बटनावर ठेव." मी ठेवलं. मला वाटलं, आता ती नंबर सांगेल.

"आता तोंड भिंतीकडं कर," आई म्हणाली.

"अगं, मी तुझी सोबती आहे. मला बघायची परवानगी आहे."

"बटन दाबलं की त्या यंत्रात पुन्यांदा चिठ्ठी दिसती म्हणं काचंत. कर तिकडं तोंड."

मी तोंड फिरवलं. समोर शाळेची भिंत होती, पोपडे आलेली, खाली कोणा पोरानं खडूनं काढलेला बैल. मागं आईचं बोट एकेक बटण चाचपत खाली सरकत असणार. मला मान वळवायला काहीच लागलं नसतं. यंत्र वाजलं. मी आणखी थोडा वेळ भिंतीकडेच बघत राहिले, काचेतली चिठ्ठी खाली पडेपर्यंत.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "बघितलंस?"

"नाही."

"मंग तू शिकलीस म्हणायचं," आई म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला तिनं एक पाय पुढं टाकला.